इटालियन रेड ब्लेंड: चव कशी घ्यायची, जेवणाशी कशी जुळवायची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ब्लेंड म्हणजे दोन तयार वाइन एकमेकींत ओतणं का?

बऱ्याच अंशी हो. प्रत्येक जातीचं द्राक्ष वेगळ्या वेळी पिकतं, म्हणून त्याची तोडणी आणि आंबवणी वेगळी होते. काही महिन्यांनी वाइनमेकर छोट्या मापांनी प्रमाणं चाखून बघतो आणि मग टाक्या एकत्र करतो. याला अपवादही आहेत. उत्तर इटलीतल्या वाल्पोलिचेल्लात कोर्विना आणि रोंदिनेल्ला ही द्राक्षं बऱ्याचदा एकत्रच आंबवतात. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारावरच्या जुन्या मळ्यांत तर वेगवेगळ्या जातींच्या वेली एकाच ओळीत मिसळून लावलेल्या असतात.

मिसळायचं कारण सरळ आहे: एका द्राक्षात जे कमी पडतं ते दुसरं भरून काढतं. सांजोवेझे या द्राक्षात आंबटपणा आणि तुरटपणा भरपूर, रंग मात्र बेताचा. म्हणून मध्य इटलीतल्या टस्कनीत त्याच्या जोडीला तुरटपणा मऊ करायला कानायोलो आणि रंगासाठी कोलोरीनो घालत आले. कुठलं द्राक्ष कशासाठी घातलंय हे एकदा कळलं की चव ओळखणं सोपं जातं आणि सोबत काय खायचं तेही बरंचसं ठरून जातं. पुढची जवळपास सगळी उत्तरं याच धाग्यावर आहेत.

नावावरून ब्लेंड कसं ओळखायचं? लेबलवर तर द्राक्षांची नावंच नसतात.

इटलीत वाइनला बहुधा गावाचं किंवा प्रदेशाचं नाव असतं, आत काय ते नियमावलीत लिहिलेलं असतं. त्यामुळे काही नावं पाठ करण्याला पर्याय नाही.

कियांतीत किमान ७० टक्के सांजोवेझे लागतं, कियांती क्लासिकोत किमान ८०. क्लासिकोच्या बाटलीवर काळ्या कोंबड्याचं चिन्ह असतं. कार्मिन्यानो हे फ्लॉरेन्सच्या पश्चिमेचं छोटं क्षेत्र. तिथे सांजोवेझेबरोबर काबर्ने घालणं नियमातच आहे, १० ते २० टक्के. व्हेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्लात कोर्विना ४५ ते ९५ टक्के आणि रोंदिनेल्ला ५ ते ३०. त्याच द्राक्षांपासून रिपासो, आमारोने आणि गोड रेचोतो होतात. सिसिलीत एटना रोसोमध्ये नेरेल्लो मास्कालेझे किमान ८० टक्के असतं. चेराझुओलो दि व्हित्तोरियात नेरो दाव्होला ५० ते ७० आणि फ्रापातो ३० ते ५०. ही सिसिलीतली पहिली डीओसीजी (इटलीतला वाइनचा सगळ्यात वरचा दर्जा), २००५ सालापासून. दक्षिण इटलीत पुल्यातल्या सालिचे सालेंतीनोमध्ये नेग्रोआमारो किमान ७५ टक्के, जोडीला बहुधा काळी माल्वाझिया.

बारोलो (फक्त नेब्योलो) आणि ब्रुनेल्लो दि मोंताल्चीनो (फक्त सांजोवेझे) ही ब्लेंड नाहीत. आणखी एक घोळ नेहमी होतो. ‘मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो’मधलं मोंतेपुल्चानो हे द्राक्ष आहे, तर ‘व्हिनो नोबिले दि मोंतेपुल्चानो’मधलं मोंतेपुल्चानो हे टस्कनीतलं गाव. त्या गावच्या वाइनमध्ये मुख्य द्राक्ष सांजोवेझेच असतं.

लेबलवर एकाच द्राक्षाचं नाव असलं तरी युरोपीय नियमानुसार त्यात १५ टक्क्यांपर्यंत दुसरं द्राक्ष असू शकतं. तेव्हा नुसतं ‘सांजोवेझे’ लिहिलेली बाटलीही थोडीफार ब्लेंड असू शकते.

‘सुपर टस्कन’ हा अधिकृत दर्जा आहे का?

नाही, ते बोलण्यातलं नाव आहे. १८७२ मध्ये बॅरन बेत्तीनो रिकासोलीने कियांतीसाठी सांजोवेझे आणि कानायोलो ही जोडी सुचवली. लवकर प्यायच्या वाइनसाठी त्यात माल्वाझिया हे पांढरं द्राक्ष चालेल, असं त्याचं मत होतं. १९६७ च्या नियमांनी मात्र पांढरी द्राक्षं सक्तीचीच केली, १० ते ३० टक्के. परिणाम व्हायचा तोच झाला: पातळ, लवकर उतरणारी वाइन. चांगल्या उत्पादकांनी मग कियांती हे नावच सोडलं. आंतिनोरी या उत्पादक घराण्याच्या तिन्यानेल्लोत सांजोवेझेला काबर्नेची जोड मिळाली आणि १९७५ पर्यंत पांढरी द्राक्षं पूर्ण गेली. किनाऱ्यालगतच्या बोल्गेरीत तर सासिकाया ही काबर्ने सोव्हिन्यों आणि काबर्ने फ्रांकची वाइन १९६८ च्या हंगामापासून बाजारात आली. कायद्याच्या लेखी यातल्या अनेक वाइन साधी ‘टेबल वाइन’ होत्या, किंमत मात्र कियांतीच्या कितीतरी पट. १९९२ च्या कायद्याने आयजीटी हा वर्ग आला आणि त्यांना जागा मिळाली. कियांती क्लासिकोतून पांढरी द्राक्षं २००६ च्या हंगामापासून हद्दपार झाली.

आज आयजीटी लिहिलेली बाटली ३०० रुपयांच्या योग्यतेची असू शकते आणि ३०,००० च्याही. तिथे उत्पादकाच्या नावावरच जायचं.

घरी चव घ्यायला बसायचं तर किती बाटल्या, किती वाइन, कुठला क्रम?

पहिल्यांदा चार किंवा पाच वाइन पुरेत. सहाव्या वाइनला जीभ थकलेली असते. प्रत्येकाला ५० मिली ओता. ७५० मिलीच्या बाटलीत पंधरा माणसं होतात. पाच वाइन पूर्ण प्यायल्या तर २५० मिली पोटात जाते, म्हणजे बाटलीचा तिसरा हिस्सा. म्हणून थुंकायला प्रत्येकाजवळ उभट, अपारदर्शक भांडं ठेवा. आपल्याकडे याचा संकोच वाटतो, पण धंद्यातले सगळे थुंकतात. न थुंकता चाखणार असाल तर गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

क्रम हलक्याकडून जडाकडे: बार्दोलीनो (वाल्पोलिचेल्लाच्याच द्राक्षांची हलकी वाइन) किंवा साधी वाल्पोलिचेल्ला, मग चेराझुओलो किंवा एटना, मग कियांती क्लासिको, मग बोल्गेरी, शेवटी आमारोने. हा क्रम उलटा केला तर आमारोनेनंतर कियांती पाणचट आणि आंबट लागते. दोष तिचा नसतो, जिभेवर आधीची साखर आणि अल्कोहोल बसलेलं असतं.

ग्लास पातळ काचेचा, वर थोडा निमुळता, आणि सगळ्यांना सारखाच. ओतताना ग्लास तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भरू नका, नाहीतर फिरवायला जागा राहत नाही. रंग पाहायला खाली पांढरा कागद. तोंड साफ करायला साधं पाणी आणि बिनमिठाचा पाव. टस्कनीतला पारंपरिक पाव बिनमिठाचाच असतो. खारी बिस्किटं, शेंगदाणे नकोत, कारण मीठ तुरटपणा लपवतं आणि मग वाइन खरी कशी आहे ते कळतच नाही. खोलीत उदबत्ती नको, अत्तर नको. स्वयंपाकघरात त्याच वेळी फोडणी पडत असेल तर बैठक तासाभराने पुढे ढकलावी.

रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यायची ना?

ज्या खोल्यांच्या हिशेबाने हा नियम आला त्या युरोपातल्या दगडी घरांतल्या होत्या, १७–१८ अंशांच्या. पुण्यामुंबईत बाटली ३० अंशांवर असते. त्या तापमानाला अल्कोहोल नाकात चढतं, फळाचा वास मुरंब्यासारखा होतो आणि आंबटपणा सैल पडतो. ‘मला इटालियन रेड जड जाते’ म्हणणाऱ्या अनेकांची तक्रार बाटली थंड केल्यावर मिटते.

बार्दोलीनो, वाल्पोलिचेल्ला आणि चेराझुओलो १४ ते १६ अंश, कियांती आणि एटना १६ ते १७, बोल्गेरी आणि आमारोने १८. फ्रिजमध्ये वीस मिनिटं ठेवून ३० अंशांची बाटली १७ वर येत नाही. साधारण दीड तास लागतो. घाई असेल तर बादलीत निम्मं पाणी आणि निम्मा बर्फ घालून मानेपर्यंत बुडवा, १२ ते १५ मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ घातला तर तो बाटलीला सगळीकडून टेकत नाही आणि वेळ जास्त लागतो. फार थंड झालेली वाइन ग्लासात दहा मिनिटांत वर येते, त्यामुळे चूक करायचीच तर थंडाच्या बाजूला करा. फार गार असताना मात्र तुरटपणा टोचतो, एवढं लक्षात असू द्या.

ब्लेंडमधलं कुठलं द्राक्ष बोलतंय हे जिभेला कसं कळणार?

आधी वास, मग घोट. ग्लास न हलवता एकदा हुंगा, मग फिरवून पुन्हा. घोट साधारण चमचाभर घ्या, दहा सेकंद तोंडात सगळीकडे फिरवा, ओठांतून थोडी हवा आत ओढा, मग थुंका किंवा गिळा. आता तीन जागा तपासा. जिभेच्या कडांना लाळ सुटली तर तो आंबटपणा. हिरड्या आणि गालांच्या आतली बाजू कोरडी पडली तर तो तुरटपणा, जांभूळ खाल्ल्यावर जीभ जडावते तसा. घशात आणि छातीत ऊब आली तर ते अल्कोहोल.

सांजोवेझेची खूण म्हणजे आंबट चेरी, टोमॅटोच्या पानांचा किंवा सुक्या रानपाल्याचा वास, लाळ सुटेल इतका आंबटपणा आणि शेवटी किंचित कडवट तुरटपणा. रंग आरपार दिसणारा, कडेला लवकर विटकरी होणारा. कियांतीची बाटली तरुण असूनही गडद जांभळी दिसली तर आत काबर्ने किंवा मर्लो आहे असा संशय घ्यायला हरकत नाही. काबर्नेचा वास देवदाराचा, काळ्या फळांचा, अर्धवट पिकलं असेल तर हिरव्या ढोबळ्या मिरचीचा. त्याचा तुरटपणा घोटाच्या मध्यापासूनच पकडतो. मर्लो उलट मधली पोकळी भरते: प्लमसारखं गोडसर फळ, मऊ पोत, पण तिचा स्वतःचा असा वास पटकन सापडत नाही. अचानक गोलसर वाटणाऱ्या टस्कन वाइनमध्ये ती असण्याची शक्यता मोठी.

कोर्विनात चेरी असतेच, शिवाय शेवटी कडू बदाम. तुरटपणा कमी, म्हणूनच वाल्पोलिचेल्ला गार पिता येते. नेरेल्लो मास्कालेझे दिसायला फिकट. लोक त्याला हलकं समजतात आणि पहिल्या घोटाला दचकतात, कारण तुरटपणा चांगला खणखणीत असतो; वास लाल फळांचा, थोडा राखेकडे झुकणारा. चेराझुओलोत दोन्ही द्राक्षं वेगळी ओळखता येतात: पहिल्या हुंगण्यात स्ट्रॉबेरी आणि फुलं येतात ती फ्रापातोची, घोटाच्या मागच्या भागात काळं फळ आणि ज्येष्ठमध येतो तो नेरो दाव्होलाचा. ब्लेंड ओळखायला शिकायचं तर पहिली बाटली हीच घ्यावी.

लाकडाच्या वासाला फसू नका. व्हॅनिला, लवंग, नारळ, भाजलेली कॉफी हे द्राक्षाचे वास नाहीत, ते नव्या ओक पिंपाचे. स्वस्त ब्लेंडमध्ये कधीकधी तेवढेच वास असतात.

हे नुसतं वाचून जमत नाही. सरावाला काही प्रयोग आहे का?

आहे, आणि तो स्वयंपाकघरात होतो. एक सांजोवेझेची आणि एक काबर्ने सोव्हिन्योंची बाटली आणा, दोन्ही फार लाकूड न लावलेल्या. महाराष्ट्रात हे सहज जमतं. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली ही इटालियन भागीदारीतली वायनरी दोन्ही द्राक्षं पिकवते आणि त्यांच्या वेगवेगळ्या बाटल्याही काढते. तिच्या वाइनची घडी टस्कनीतल्या पिएरो मासी या वाइनमेकरने बसवली. तिथलीच ‘सेत्ते’ ही सांजोवेझे आणि काबर्नेची ब्लेंड, म्हणजे थेट सुपर टस्कनच्या वळणाची.

औषधाचं मापाचं झाकण किंवा बिनसुईची १० मिलीची सिरिंज घ्या. चार ग्लास मांडा. पहिल्यात ५० मिली सांजोवेझे. दुसऱ्यात ४५ सांजोवेझे आणि ५ काबर्ने, म्हणजे १० टक्के. तिसऱ्यात ४० आणि १०, म्हणजे २० टक्के. चौथ्यात ५० मिली काबर्ने. हलवून दहा मिनिटं थांबा आणि मग चाखा.

बहुतेकांना दुसऱ्या ग्लासातच वासात फरक जाणवतो, जरी काबर्ने चमचाभरच आहे. तिसऱ्यात चेरी मागे सरकते, मधला पोकळपणा भरतो आणि रंग गडद होतो. कियांतीच्या नियमात काबर्नेला १५ टक्क्यांची मर्यादा का घातली ते इथे समजतं: त्यापुढे प्रदेशाची ओळखच पुसली जाते. मग ग्लासांखाली चिठ्ठ्या लावून, जागा बदलून पुन्हा ओळखून बघा. एकच काळजी घ्या, दोन्ही बाटल्या सारख्याच तापमानाला आणि एकाच वेळी उघडलेल्या असू द्या. एक कालची आणि एक आजची असेल तर तुम्ही द्राक्ष सोडून हवेचाच परिणाम चाखत बसाल.

डिकँटर (वाइन ओतून मोकळी करायचं काचेचं भांडं) लागतोच का?

क्वचित. तरुण कियांती क्लासिको ओतून ग्लासात वीस मिनिटं ठेवली तरी मोकळी होते. नुसतं बूच काढून ठेवण्याचा फायदा जवळपास शून्य, कारण मानेतल्या नाण्याएवढ्या पृष्ठभागालाच हवा लागते. आमारोने आणि तरुण बोल्गेरी तासभर आधी काचेच्या जगमध्ये ओतली तर फरक पडतो. पंधरा वर्षांपुढच्या बाटलीचा प्रकार वेगळा: ती चोवीस तास उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल, आणि मानेमागे दिवा धरून एका दमात हळू ओता. गाळ मानेत आला की थांबा. अशी वाइन लगेच प्या. तासभर हवेत ठेवली तर उरलासुरला वासही जातो.

वाइन बिघडलेली आहे की तिची चवच तशी आहे?

ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास आणि फळ गायब: हा बुचाचा दोष. टीसीए नावाच्या संयुगामुळे होतो, अपायकारक नाही, पण हवा देऊन जात नाही, उलट वाढतो. बाटली परत करा.

बूच थोडं वर आलेलं, मानेवर चिकट ओघळ, वास शिजलेल्या फळाचा: बाटली उन्हात तापलेली आहे. आयात वाइनच्या बाबतीत आपल्याकडे हा दोष बुचाच्या दोषाइतकाच तपासून बघावा. दुकानात उन्हाच्या बाजूच्या फळीवरची बाटली सवलतीतही घेऊ नये.

नेलपॉलिश रिमूव्हर किंवा शिरक्याचा वास: बाष्पशील आम्लता. आमारोनेत ती थोडी असतेच, सुकवलेल्या द्राक्षांमुळे. नाकाला झोंबली तर मात्र दोष. तबेल्याचा किंवा बँडेजचा वास ब्रेटानोमायसिस या यीस्टचा. काहींना तो जुन्या पद्धतीच्या वाइनमध्ये आवडतो, आम्हाला थोडाही नको. नुकत्याच ओढलेल्या आगकाडीचा किंवा अंड्याचा वास असेल तर घाबरू नका, तो हवेअभावी आलेला असतो. जोरात फिरवा, दहा-पंधरा मिनिटांत जातो.

तळाशी चमकणारे खडे म्हणजे टार्टरेट. ना काच, ना साखर. खुशाल प्या.

जेवणाशी जुळवताना सगळ्यात आधी काय बघायचं?

हा पाच मिनिटांचा प्रयोग कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त शिकवतो. तुरट, आंबट अशी कियांती क्लासिको ओता. एक घोट घ्या. मग लिंबाच्या फोडीला मीठ लावून चाटा आणि पुन्हा घोट घ्या: वाइन मऊ आणि फळांनी भरलेली लागेल. पाणी पिऊन चिमूटभर साखर चघळा आणि घोट घ्या: तीच वाइन आंबट, कडवट आणि पोकळ. शेवटी हिरव्या मिरचीचा कण चावून घोट घ्या: तिखट भडकेल, अल्कोहोल जाळेल.

म्हणजे मीठ आणि आंबट हे वाइनचे मित्र, साखर आणि तिखट हे वैरी. स्निग्धता आणि मांसातली प्रथिनं तुरटपणा बोथट करतात. मशरूम, सोया सॉस, जुनं चीज यांतली दाट उमामी चव तुरटपणा वाढवते, पण पदार्थात मीठ आणि आंबट पुरेसं असेल तर सावरतं. पदार्थ वाइनपेक्षा जास्त आंबट असेल तर वाइन बेचव लागते, म्हणून व्हिनेगर घातलेलं सॅलड आधी संपवून टाका.

कियांतीबरोबर पास्ताच का? आणि कुठला?

टोमॅटोमुळे. टोमॅटोच्या आंबटपणापुढे मऊ, कमी आंबट वाइन सपाट पडते, सांजोवेझे टिकते. टस्कनीत तिच्यासोबत पप्पा अल पोमोदोरो (टोमॅटो आणि शिळ्या पावाचं दाट सूप), रिबोल्लीता (काळा कोबी, पांढरे घेवडे आणि पाव), रानडुकराच्या रस्स्यातला रुंद पप्पार्देल्ले खातात. बिस्तेका अल्ला फ्योरेंतीना म्हणजे हाडासकट तीन-चार बोटं जाड गोमांसाचा तुकडा, कोळशावर बाहेरून करपवलेला आणि आतून लालच ठेवलेला. त्याच्यासोबत रिझेर्वा, म्हणजे जास्त मुरवलेली कियांती उघडतात. मटणाच्या जाड चॉप्स रोझमेरी, लसूण आणि भरड मिठात भाजल्या तरी तेच गणित जमतं.

घरी नेहमी बिघडतं ते सॉसमधल्या साखरेने. तयार पास्ता सॉस आणि केचप गोड असतात आणि वाइन आंबट करून टाकतात. डब्यातले सोललेले टोमॅटो, ऑलिव्ह तेल, लसूण, मीठ, अर्धा तास मंद आच. साखर नको, आंबट वाटलं तर गाजराचा तुकडा शिजवून काढून टाका. वर चिली फ्लेक्सही नकोत. क्रीम सॉसच्या पास्त्याला कियांती लावू नये, आंबटपणा आणि क्रीम दोन्ही वेगवेगळे पडतात.

आमारोने इतकी महाग आणि जड का, आणि कशाबरोबर घ्यावी?

द्राक्षं तोडल्यावर हवेशीर माळ्यावर पेट्यांत साधारण १०० ते १२० दिवस सुकवतात. वजन ३० ते ४० टक्के घटतं, साखर आणि सगळे अर्क दाट होतात. एका बाटलीला जास्त द्राक्षं लागतात, आंबवणी थंडीत रेंगाळते आणि मग किमान दोन वर्षं मुरवणं. अल्कोहोल नियमाने किमान १४ टक्के, प्रत्यक्षात बहुधा १५ ते १६.

हलक्या जेवणावर ती बुलडोझर फिरवते. व्हेरोनाकडे तिच्यासोबत मंद आचेवर तीन-चार तास शिजवलेलं मांस, आमारोने घालूनच केलेला रिझोत्तो आणि मुरलेलं मोंते व्हेरोनेझे चीज खातात. मांस आधी परतून घेताना करपू देऊ नका. काळपट कडवटपणा आणि आमारोनेचा बदामी कडवटपणा एकावर एक चढतात. एका माणसाला १०० मिली पुरे.

रिपासो ही मधली पायरी. साधी वाल्पोलिचेल्ला आमारोनेच्या चोथ्यावर पुन्हा आंबवतात, त्यामुळे अंग आणि एखादा टक्का अल्कोहोल वाढतं. पैशाच्या मानाने जेवणाला हीच जास्त उपयोगी. पुल्याकडच्या स्वस्त बाटल्यांवरचा ‘आपास्सिमेंतो’ हा शब्द पाहून मात्र आमारोनेची अपेक्षा ठेवू नका. द्राक्षं वेगळी असतात आणि वाइनमध्ये बऱ्याचदा जाणवेल इतकी साखर उरलेली असते.

शाकाहारी जेवणाला कुठली?

सिसिलीकडे बघा. तळलेलं वांगं, टोमॅटो, तुळशीच्या जातीचा बेसिल आणि खारवलेला रिकोता यांचा पास्ता अल्ला नोर्मा हा कातानियाचा पदार्थ, आणि एटना तिथून समोर दिसतो. त्याच्यासोबत एटना रोसो. वांग्याचीच आंबटगोड कापोनाता असेल तर चेराझुओलो, गार करून. मशरूमला एटना. घेवडे-डाळींच्या दाट सूपवर चांगलं ऑलिव्ह तेल आणि मीठ पडलं की साधी कियांती छान लागते. पनीर स्वतः वाइनला काहीच देत नाही, सगळं त्याच्या मसाल्यावर अवलंबून.

मासे आणि रेड वाइन खरंच जमत नाहीत?

रेड वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल यांची गाठ पडली की धातूसारखी, शिळ्या मासळीची चव येते. बांगडा, तारली यांना जास्त. तरीही लिव्होर्नोचं काच्चुक्को, म्हणजे टोमॅटो आणि मिरचीतलं माशांचं कालवण, रेडबरोबरच खातात. सिसिलीत ट्यूनाला चेराझुओलो चालते. अट एवढीच की तुरटपणा कमी, पिंपाचा वास नको आणि वाइन १४ अंशांवर.

आपल्या मटणाला, भरल्या वांग्याला काय?

तिखट जेवढं जास्त तेवढं अल्कोहोल आणि तुरटपणा कमी, हा नियम धरा. तांबड्या रश्श्याला आमारोने उघडणं म्हणजे दोन्हीची माती. कोल्हापुरी जेवणाला वाइन हवीच असेल तर बार्दोलीनो किंवा साधी वाल्पोलिचेल्ला १४ अंशांवर, तीही सुक्याबरोबर. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची स्निग्धता मदतीला येते, रश्श्याचा झणका येत नाही. बेताच्या तिखटाचं सुकं मटण असेल तर रिपासो जमते. भरलं वांगं शेंगदाण्याच्या कुटातलं, गोडा मसाल्याचं: गूळ हात राखून घाला आणि चेराझुओलो द्या. वांग्याच्या भरिताच्या धुरकट वासाला एटना रोसो इतकी बसते की मुद्दाम करून बघावं.

गोव्याकडच्या सोरपोतेलमध्ये व्हिनेगर आणि चरबी दोन्ही असतात. तिथे आंबटपणा टिकवणारी कियांती हवी, मर्लोकडे झुकलेली बोल्गेरी ढेपाळते. सोलकढी आणि रेड वाइन एका ताटाला आणू नका. एकीला निवडा, आणि मासळीच्या ताटाला सोलकढीच बरी.

चीज आणि गोडाचं काय?

पेकोरीनो आणि दोन वर्षं मुरलेलं पार्मिजानो ही कियांतीची हुकमी जोडी. निळ्या बुरशीचं गोर्गोंझोला कोरड्या रेडला कडू करतं, त्याला रेचोतो द्या. पिझ्झ्यावरचं साधं मोत्झरेल्ला कुठल्याही हलक्या ब्लेंडला चालतं. गोड पदार्थाबरोबर कोरडी रेड हा सरळ तोटा. गडद चॉकलेटलाही रेचोतोच.

वाइन शाकाहारी असते का?

नेहमी नाही. गढूळपणा काढायला अंड्यातला पांढरा बलक, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशापासूनचं आयसिंग्लास वापरतात. काही उत्पादक बेंटोनाइट माती वापरतात किंवा काहीच वापरत नाहीत. युरोपात अंड्याचे किंवा दुधाचे अंश उरले असतील तर लेबलवर लिहावं लागतं, जिलेटिनचं बंधन नाही. खात्री हवी तर बाटलीवर ‘व्हेगन’ खूण शोधा.

बाटली किती वर्षं ठेवता येते? आणि उघडल्यावर किती दिवस?

बार्दोलीनो आणि साधी वाल्पोलिचेल्ला दोन-तीन वर्षांत संपवा. कियांती क्लासिको पाच, रिझेर्वा दहा, चांगली आमारोने आणि बोल्गेरी पंधरा किंवा त्याहून जास्त. हे आकडे १४–१६ अंशांच्या, अंधाऱ्या जागेचे आहेत. वाइनचा फ्रिज नसेल तर महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात कुठलीही महाग बाटली घरच्या कपाटात साठवू नका. घेतली की त्याच हिवाळ्यात उघडा.

उघडलेली रेडसुद्धा फ्रिजमध्येच ठेवायची. अर्धी उरेल असं वाटलं तर बाटली उघडल्याबरोबर ३७५ मिलीच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून झाकण लावा, पाच दिवस ठीक राहते. अर्ध्या भरलेल्या मोठ्या बाटलीत हलकी ब्लेंड दोन दिवसांत मरगळते, आमारोने चार-पाच दिवस तग धरते. त्यापुढची वाइन रस्स्यात घालायला आठवडाभर चालेल. मांस परतून झाल्यावर, पाणी घालण्याआधी ओता आणि निम्मी आटू द्या. शिरक्याचा वास यायला लागला असेल तर मात्र ती पातेल्यातही घालू नका, आटल्यावर तो वास आणखी घट्ट होतो.